फिरकी

सकाळी, दूधवाल्याची सायकल सलाटवाड्याच्या वळणावर घंटी वाजवायच्या आत,
मी पलंगाच्या कडेला बसून पोटात श्वास भरते.
पाच वेळा. मग मान. मग खांदे, मागे गोल, सावकाश.
बोटं सगळ्यात शेवटी.

सूज हाताला, मग पोटापासून कशाला? मी विचारलं होतं.
जागृतीबेन म्हणाली, उषाकाकी,
विश्वामित्री चढते तेव्हा गल्लीतलं पाणी तांब्याने उपसता का?
पुढची वाट मोकळी होऊ दे आधी.
त्या वर्षी माझ्या शिलाई मशीनचं पायडल बुडालं होतं.
मला लगेच कळलं.

रक्ताला हृदय आहे.
या दुसऱ्या पाण्याला कुणी नाही.
मी हलले तर ते हलतं:
मूठ मिटते तेव्हा, परकराची नाडी ओढते तेव्हा,
मोठ्याने हसले तर तेव्हाही थोडंसं.
काखेतल्या गाठी काढल्या, चौदा. कागदावर लिहून दिलंय.
तेव्हापासून ते वाट विचारत हिंडतं
आणि संध्याकाळी कोपराशी बसून राहतं,
'येतो' म्हणून उठायचं न सुचणाऱ्या
पाहुण्यासारखं.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दंडांची मापं घेतली.
साडेअकरा, बारा, तेरा.
दंडाला टेप लावला तरी बायका पोट आत ओढतात.
आता दर रविवारी तोच टेप माझ्याभोवती.
डावा सव्वाअकरा, उजवा तेराला टेकलेला.
वहीत मांडते. गिऱ्हाइकाचं नाव: मी.
माझ्या सगळ्या ब्लाउजांची उजवी बाही उसवून पट्टी जोडलीय,
आणि आत ती दुसरी बाही, कारखान्यातली, घट्ट,
कातडीच्या रंगाची
(कुणाच्या कातडीच्या देव जाणे),
चढवायला दहा मिनिटं आणि एक रबरी हातमोजा.
शिवण मात्र बघण्यासारखी.
म्हणजे, दिसतच नाही.

या हाताला नको-नकोची मोठी यादी.
सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, डास नको, पाण्याची बादली नको.
मागे एक टाचणी लागली तर तीन दिवस ताप, हात लालभडक.
म्हणून गेल्या उत्तरायणाला मी खालीच बसले,
उंधियूचे दाणे सोलत,
वर अगाशीवर सगळी पोळ ओरडत असताना.

यंदा भावाची नात आली, ऋजुता, अकरा वर्षांची,
बोटांना चिकटपट्ट्या, नाकाला काळं भिंग.
आत्याआजी, फिरकी कोण धरणार?
हात दुखतो का, असं विचारलंच नाही तिने.
घाईत होती.

मी बाही चढवली, वर बागेचे जाड मोजे,
डोक्याला भावाची टोपी.
पतंगाजवळ काय तो मांजा, माझ्याकडे साधा दोरा, असं ठरलं.
मग तिने ओरडायला सुरुवात केली.
ढील! आणि फिरकी माझ्या मुठींत आपोआप धावली, गरगर,
मी फक्त सैल.
लपेट! आणि मनगटं आत, बाहेर, आत,
लपेट, आजी, लपेट, भराभर!
जागृतीबेन इतक्या जोरात कधी ओरडत नाही.
तिच्या खोलीत मी दहा मोजते आणि घड्याळ बघते.
इथे कोण मोजतंय?

हात जड झाला तेव्हा मी म्हटलं, थांब.
पोरीने पतंग तसाच वर धरला,
वाऱ्यावर, एका बोटावर,
आणि मी टाकीला टेकून पोटात श्वास भरला.
पाच वेळा.
शेजारचे वरून बघत होते. बघू देत.

रात्री हात उशीवर ठेवायच्या आधी टेप काढला.
रविवार नव्हता.
तेराला एक सूत कमी.
टेप सैल धरला असेन, म्हटलं.
चाळीस वर्षांत मी टेप सैल धरलेला नाही.
तरी परत मोजलं.